दारात दोन म्हशी

त्या प्रकरणातले कागद केव्हाच दप्तरी जमा झाले, पण त्या माणसाचा आवाज माझ्या कानातून जात नाही. इतका मऊ आवाज मी नोकरीत दुसरा ऐकला नाही. आठवला की आजही डोकं तापतं.

मी मूळचा कोकणातला. नववीत शाळा सुटली. पुढं बाहेरून दहावी देऊन शिपाई झालो आणि खात्याच्या परीक्षा देत फौजदारापर्यंत आलो. घरापासून इतक्या लांब संभाजीनगरात या खात्यानं आणि इथल्या माणसांनी मला सांभाळून घेतलं, ते उपकार मोठे आहेत. पण कमी शिकल्याची धाकधूक कायम राहिली. साधा जबाब टाइप करतानासुद्धा वाटायचं, आपलं काहीतरी चुकणार.

देवगाव रंगारीकडची एक बाई ठाण्यात आली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी बेपत्ता होती. ओळखीचा एक माणूस शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम लावतो म्हणून तिला घेऊन गेला होता. त्यानंतर दोघांचेही फोन बंद.

"लई गोड बोलायचा वो साहेब," बाई म्हणाली. "मला आत्या म्हनायचा. निघताना पाया पडला माझ्या."

मिसिंगची तक्रार नोंदवली आणि गावात चौकशीला गेलो. ज्याला विचारावं तो आधी हसायचा. "तो व्हय? गोडबोल्या." दुसरा म्हणाला, "बोलबच्चन हाय, साहेब. त्याच्या नादी लागाया नाय पायजे." एका शिकलेल्या गृहस्थांनी त्याला 'लाघवी' म्हटलं. म्हणजे गावाला सगळं ठाऊक होतं. चोराला चोर म्हणताना माणसाचा चेहरा कडक होतो. गोड बोलून फसवणाऱ्यांसाठी मात्र आपण असे शब्द ठेवलेत की उच्चारताना ओठावर हसू यावं. त्या हसण्यात त्या बाईला सावध करायचं राहून गेलं. गावातून त्याचा एक फोटो मिळवला आणि मी जीपमध्ये बसलो.

टीप दिली एका रिक्षावाल्यानं. आमच्या ओळखीचा, मुकुंदवाडीचा. त्याला फोटो दाखवून ठेवला होता.

"साब, वो चिकनी बातां करनेवाला इस्टेशन पे खड़ा है. साथ में दूसरी लड़की है. और लड़की का बाप खुद बॅग उठा के खड़ा है, बताओ."

गाडी यायच्या आत आम्ही पोहोचलो. ती मुलगी वाचली. तिचा बाप मात्र आमच्यावरच चिडला. "साहेब, देवमानूस हाय तो. तुमची कायतरी गफलत होतीय."

ठाण्यात आणल्यावर त्या गोडबोल्यानं जमादारांना काका म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, तेल सांगितलं. दुपारी जमादार मला हळूच म्हणाले, "साहेब, मानूस वाईट वाटत नाय."

"जमादार, त्या बाईलाही वाटला नव्हता," मी म्हणालो.

मग मी स्वतः कॉम्प्युटरपुढं बसलो. मी एका बोटानं टाइप करतो. तो भरभर सांगायचा, मी म्हणायचो, थांबा, परत सांगा. मुलीला शेंद्र्याच्या गेटवर सोडलं, ही त्याची गोष्ट. आधी रिक्षानं सोडलं होतं, परत सांगताना मोटारसायकल आली. तरी आवाज तसाच मऊ. पुन्हा थांबवलं तेव्हा त्याला बहुधा वाटलं, हा म्हातारा काळजीत आहे, याला जरा धीर द्यावा.

"साहेब, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. पोरगी सुखात आहे. मोठं घर आहे, दारात दोन म्हशी आहेत."

मी ते अक्षर अक्षर टाइप केलं आणि मोठ्यानं वाचलं. "दारात दोन म्हशी आहेत."

कोपऱ्यात बसलेले जमादार उठून पुढं आले.

"कारखान्याच्या गेटवर म्हशी कोण बांधतं रे?" जमादारांनी विचारलं.

तो पहिल्यांदा गप्प झाला. गोड बोलायची सवय त्याला आवरली नाही, तीच त्याला नडली. गुन्हा दाखल केला. पोलीस कोठडीत गावाचं नाव निघालं, शेजारच्या राज्यातलं. तिथं पैसे घेऊन तिचं जबरदस्तीनं लग्न लावलं होतं. आमचं पथक जाऊन तिला घेऊन आलं.

ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली. मी आवाज शक्य तितका हळू केला. "बाळा, घाबरू नको. आता काही काळजी करायची नाही. हे तुझंच घर समज."

तिनं खुर्ची मागं सरकवली. "साहेब, असं बोलू नका. असंच बोलायचा त्यो."

मला राग आला. त्यानं तिला विकलं होतंच, पण माझ्यासारख्याची मायेची भाषाही वापरून नासवून ठेवली होती. मी उठून दार उघडलं. मग साध्या आवाजात म्हणालो, "दार उघडं आहे. तुझी आई बाहेर बाकावर बसलीय. जबाब या महिला पोलीस घेतील. पाहिजे तेव्हा ऊठ."

ती लगेच उठली. दारातून वाकून बाकाकडं पाहिलं. आई होती. मग परत येऊन बसली आणि पाणी मागितलं.

कोण गोडबोल्या आणि कोण खरा, हे आवाजावरून ओळखता येतं असं मी आता म्हणत नाही. मला नाही ओळखता येत. कुणाला धीर द्यायची वेळ आली, की मी एवढंच सांगतो, तुमचं माणूस कुठं बसलंय. आणि म्हणतो, उठा, आधी बघून या.