मेणाच्या नळकांड्याला कोणती सुई

मी एक गाणं मारलेलं आहे. माणगावच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे भोंग्याचा जुना बाजा मिळाला, सोबत गाणं भरलेलं मेणाचं एक नळकांडं मिळालं, आणि घरी येऊन मी ते उतावळेपणानं लावलं. कुणीतरी बाई फार गोड गात होती. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा तिचा आवाज घोगरा झाला, तिसऱ्यांदा नुसती खरखर आली आणि सुईखाली तपकिरी भुसा जमला. तो भुसा म्हणजेच ते गाणं होतं, हे डोक्यात शिरायला मला चार दिवस लागले. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

स्वातंत्र्याला तेव्हा दहाएक वर्षं झाली होती. मी माणगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. लोक तबकड्या ऐकत होते आणि मी त्याच्याही आधीचे, नळकांड्यांचे बाजे जमवत होतो. घरात नऊ झाले होते. बायको म्हणायची, "वाजत एकही नाही, जागा मात्र सगळ्यांना हवी." तिचं खोटं नव्हतं. मला बाजे जमवता येत होते, ओळखता येत नव्हते.

एकदा दिघीहून सुकी मासळी घेऊन आलेल्या एका कोळ्यानं मला बाजारात गाठलं. त्याच्या आईकडे तसलाच बाजा होता, पण तो फिरत नव्हता. पुढच्या रविवारी मी दिघीला गेलो.

आई साठीची, अंगानं वाळलेली, दोन वाक्यं बोलली की दम लागणारी. तिचा बाप आगबोटीवर खलाशी होता. त्यानं बाजा आणला, त्याबरोबर आवाज भरायची कोरी नळकांडी आणली, आणि पुन्हा बोटीवर जायच्या आदल्या दिवशी त्यातल्या एकावर तो स्वतः बोलला. त्या फेरीहून तो परतला नाही. ही तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या आईनं जिवंत असेपर्यंत ते नळकांडं कुणाला लावू दिलं नाही, आणि पुढं बाजाच अडकला. बापाचा चेहरा हिला आठवत नव्हता. आवाज तरी एकदा ऐकायचा होता.

"डागदर बोलला, येता पावसाळा काढलास तर नशीब," ती म्हणाली. "तवर वाजंल ना, मास्तर?"

नळकांडं तिनं तांदळाच्या कणगीत पुरून ठेवलं होतं, म्हणून त्याला बुरशी नव्हती. बाजाची मात्र दैना होती. दरवर्षी होडीला मुशीच्या माशाचं तेल लावताना मुलगा उरलेलं तेल बाजाच्या चाकांत ओतायचा. "येक साल चुकवलं न्हाय!" असं तो छाती काढून सांगत होता. त्या तेलाचा डिंक झाला होता आणि वासानं डोकं उठत होतं. मी दिवसभर बसून एकेक चाक रॉकेलनं धुतलं. संध्याकाळी बाजा फिरला. सगळा पाडा दारात जमला.

मी नळकांडं हातात घेतलं आणि सुईकडे पाहिलं. टोक लखलखत होतं. माझ्या गाण्याचा भुसा केला ती सुई अशीच होती. मी नळकांडं खाली ठेवलं.

"लावा की, मास्तर," म्हातारी म्हणाली.

"आज नाही. पुस्तकात बघितल्याशिवाय नाही."

"मास्तरांना येत न्हाय, म्हून पुस्तक!" मुलगा म्हणाला आणि दारातली माणसं खो-खो हसली. मला राग आला, कारण तो खरं बोलला होता. पण हसं झालं तरी चालेल, आता न वाचता हात लावायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. म्हातारीला म्हटलं, "मावशी, मला तीन रविवार द्या."

मुंबईत जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे असल्या बाजांच्या माहितीचं जाड इंग्रजी पुस्तक होतं. तो ते विकेना आणि घरीही नेऊ देईना. पहिल्या दोन रविवारी मी एस.टी.नं गेलो, त्याच्या दुकानात स्टुलावर बसलो आणि चित्रांसकट पानं चित्रकलेच्या वहीत उतरवली. शेजारी डिक्शनरी होती. दुसऱ्या रविवारी हवं ते पान सापडलं. हिऱ्याची सुई फक्त कडक नळकांड्यांना, तपकिरी मऊ मेणाला ती लावली तर आवाज खरवडून जातो. मेणाला वेगळी, बोथट टोकाची सुई बसवलेली हलकी डबी लागते, आणि डबीवरच्या खुणेवरून ती ओळखायची. खाली आणखी एक ओळ होती: योग्य सुईनंसुद्धा मेण दर खेपेला थोडं झिजतंच.

व्यापाऱ्याच्या डब्यात सुटे भाग खच्चून भरले होते. "कुठलीही घ्या, मास्तर, सगळ्या सारख्याच," तो म्हणाला. "सारख्या नाहीत," मी म्हणालो आणि वही उघडून एकेक डबी चित्राशी ताडून पाहू लागलो. दुकान बंद व्हायच्या वेळी ती खूण सापडली.

तिसऱ्या रविवारी मी दिघीला पोचलो. म्हातारी अंथरुणाला खिळली होती, बाजा तिच्या उशाशी मांडला. मी तिला झिजण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "येकदाच लावा. मंग ऱ्हाऊ द्या."

नळकांडं आतून दोन बोटांनी धरून मी चढवलं. आधी नुसती सरसर आली. मग भोंग्यातून एक तरुण, खणखणीत आवाज आला, होडीवरून हाळी घालावी तसा.

"बोल गं बाय! भोंगा खात न्हाय तुला. उद्या मी चाललो. काय आणू तुला? बोल की!"

पुढं काहीच नाही. नळकांडं फिरत होतं आणि नुसती सरसर येत होती.

"संपलं?" मुलानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ते थांबलेत."

"मी भ्याले व्हते," म्हातारी म्हणाली. "आयच्या लुगड्यामागं लपले. बोललेच न्हाय."

ती कोपरावर उठली. मुलगा धरायला गेला तर तिनं त्याचा हात बाजूला केला. नळकांडं अजून फिरत होतं. तिनं भोंग्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"काय नको, बा," ती म्हणाली. "तू ये."