राजदंड पळवणारा आमदार

"दाखव मला! कुठल्या पत्रात त्याने राजदंड पळवला?"

बायको अशी ओरडली की आमच्या ॲडम्सटाउनपासून डब्लिनपर्यंतचे कावळे उडाले. मी इस्त्रीच्या टेबलावर ऑफिस थाटून मीटिंगमध्ये होतो. म्यूटवर होतो, हे कंपनीचं नशीब.

२०२१चा हिवाळा. बायकोची मेनूथ विद्यापीठात पीएच.डी. चालू होती, एका आयरिश माणसावर. तो दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत जाऊन वकील झाला, मग तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत आमदार. लॉकडाउनमुळे ग्रंथालय बंद, पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, म्हणून त्याच्या पत्रांचे फोटो घरी आले. ते वाचून टाइप करायचं काम माझ्या गळ्यात. अक्षर असं, की शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळालेली. आणि मजकूर काय, तर कुंपणाचा खटला, डुकराचा खटला, पाठदुखी. ऑफिस संपलं की हा गृहस्थ सुरू. चाळिसाव्या पत्राला माझीही पाठ धरली.

मग एका पत्रावर शाई सांडलेली दिसली. विधानसभेत आमदार काय करतात, हे मराठी माणसाला कोणी शिकवायचं? टाइप करताना मी त्याला मनानेच अध्यक्षांपुढे धाववलं, कागद फाडायला लावले, राजदंड पळवायला लावला आणि शेवटी सभात्याग. ती वाचून हसेल, मग खोडू, असं वाटलं होतं. पण तीही दमलेली. विश्वासाने तिने ते सगळं प्रबंधात घातलं.

"माझे गाइड सर विचारतायत, त्या सभागृहात राजदंडच नव्हता, मग याने पळवला काय? शुक्रवारी समितीपुढे जायचंय मला. तीन वर्षं पाण्यात घालवतोस का माझी?"

"अगं, तिथे शाई सांडली होती."

"केवढी?"

"बादलीभर."

तिने फोटो उघडला. डाग टिकलीएवढा.

 तिने प्रबंधातलं ते पान काढून टाकलं, सरांना खरं काय ते कळवलं. त्यांचं उत्तर आलं, 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. एवढंच. मग ते पत्र ती स्वतः वाचायला बसली. मी चहा ठेवला, तो निवून गेला.

शेवटी न राहवून विचारलं, "मग त्या दिवशी सभागृहात त्याने केलं तरी काय?"

तिने मान वर केली नाही.

"बसून राहिला. पाठ दुखत होती."