दोन पंखांचं विमान

होटगी रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये जुनं विमान उभं होतं. एकावर एक दोन पंख, कापडी अंग, तोंडाशी लाकडी पंखा. मालक कापडगिरणीतून निवृत्त झालेले साहेब. मी मंद्रूपच्या पिठाच्या गिरणीत इंजिन पुसत पुसत मिस्त्री झालेलो. दर रविवारी जाऊन त्या विमानावरची धूळ झाडायचो. ते विकायला निघालं तेव्हा मी चार वेळा भाव पाडला. सवयच ती. चौथ्यांदा साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही विमान घेताय की वांगी?" आणि त्यांनी भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. तो ते तोडणार हे त्यांना ठाऊक होतं. याचा राग मला आजही आहे.

मी बंगल्यावर जाऊन भांडलो. शेवटी साहेबांनीच तोड काढली. बहात्तरच्या दुष्काळानंतर हिप्परग्याचं तळं भरलं होतं. भंगारवाल्याला आणि मला, दोघांनाही तिथं मोटारबोटी पळवायचा नाद. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यत. जिंकेल त्याला विमान.

शर्यतीपर्यंतचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. जीपचं इंजिन मी बोटीला स्वतः बसवलं होतं, तरी एकेक बोल्ट तीनतीनदा तपासला. दसऱ्याला बोटीची पूजा केली, मागच्या फळीला झेंडूचा जाड हार बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बायको म्हणाली, "अवो, हार काढा की. पाण्यात लोंबंल."

"वर्षातनं एकदा पूजा. ती बी काढून ठेवू?" मी खेकसलो.

लांबवर तरंगणाऱ्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. वळसा मीच आधी घातला. भंगारवाला चांगला दोन बोटींच्या अंतराने मागे होता, पण माझं सगळं लक्ष इंजिनकडे होतं. आवाजात जरा फरक पडला तरी मी कान टवकारत होतो. विमानाच्या पंखांना सोलापुरी मागावरचं कापड लावायचं मी मनात ठरवलं होतं. तेवढ्यात बोट थरथरली, इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं. भंगारवाला हात हलवत पुढे निघून गेला.

त्यानेच काहीतरी केलं असणार, म्हणून मी त्याला नाही नाही ते बोललो. मग वाकून बोटीच्या पाण्यातल्या पंख्याशी हात घातला. दोऱ्याचा घट्ट पीळ हाताला लागला, मुठीत झेंडूच्या पाकळ्या आल्या.

चार दिवसांनी भंगारवाल्याच्या वखारीत गेलो. विमानाचे तुकडे झाले होते. लाकडी पंखा तेवढा भिंतीला टेकवलेला होता. त्याने किंमत सांगितली, अव्वाच्या सव्वा. मी खिशात हात घातला आणि तेवढे पैसे मोजून दिले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?"