खुडूक कोंबडी

परसातली तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. अंडी आम्ही कधीच काढून घेतली, तरी रिकामी टोपली ती सोडत नाही. उबवायचा नाद सुटावा म्हणून बायकोने तिला दोनदा पाण्यात बुडवून काढलं. पिसं झटकून ती पुन्हा टोपलीत. "अहो, हिला कोण समजावणार?" बायको वैतागली.

मी माडीवर मुलाची खोली रंगवत होतो. तो परदेशातच घर घेतोय, परतणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलंय. तरी दर दिवाळीआधी मी ब्रश घेतो. रिकाम्या जागेला ऊब देण्याचा शीण आता खांद्यांत उतरलाय.

संध्याकाळी चोरून एक अंडं ठेवायला गेलो. कोंबडीखाली हात घातला, तर तिथे आधीच एक अंडं होतं. उबवायच्या अंड्यांवर बायको करते तशी त्यावर कोळशाची खूण होती.