मांडीवरची काच

मामा काचा बसवायचे. हिरकणीनं काच कापायची, चौकटीत बसवायची, कडेनं लांबीचा लगदा भरायचा, यात त्यांची हयात गेली. मामी पाळणाघर चालवायची. दुसऱ्यांची पोरं उचलून तिची कंबर गेली, हौस मात्र जागेवर होती.

मामांना एक खोड होती. कुठंही गेले तरी त्यांना आधी काच दिसायची. भाचीच्या लग्नात माणसं जेवायला बसली आणि हे हॉलच्या खिडक्या उतरवत बसले. जावयाला बघायला दवाखान्यात गेले, तर त्याच्या खाटेशेजारच्या खिडकीची काच काढून ठेवली. जावई ज्या दुखण्यासाठी आत गेला होता ते बरं झालं. सर्दी घेऊन घरी आला.

दुकान मुलाच्या हातात गेलं तेव्हा मामीनं ठरवलं, पाठीवर सॅक टाकून बसनं किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायचं. आवडेल तिथं उतरायचं, जागा मिळेल तिथं पडायचं. दोन सॅक आणल्या. निघताना तिनं अट घातली.

"वाटेत एका जरी काचेला हात लावलात, तर तिथून पुढं मी एकटी. माझी सॅक वेगळी, तिकीट वेगळं. मागं वळूनसुद्धा बघणार नाही."

"बरं," मामा म्हणाले. मामी बोलते तसं करते, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग ती लांबची बस आली. रस्ता कडा फोडून काढलेला. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, आणि खाली समुद्र कुणाचा तरी सूड उगवल्यासारखा दगडांवर आपटत होता. वळणं अशी की पुढच्या सीटवरचा माणूस घटकेत उजवीकडं, घटकेत डावीकडं. मामी खिडकीशी बसली होती.

"अहो, बघा तरी!"

मामांनी बघितलं. डोळा आणि समुद्र यांच्यामध्ये काच होती, आणि ती खडखडत होती.

"खडखडतेय," मामा म्हणाले.

"खडखडू दे."

"रबर सुकलंय तिचं."

"आपलंही सुकलंय. समुद्र बघा."

चहाला बस थांबली. मामी बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गाडीत मामा आणि काच, दोघंच. मामांनी बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून घडी केली. हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. पुठ्ठ्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. त्यांनी पुठ्ठा फटीत दाबला. रबर आतड्यासारखं सरसर बाहेर आलं आणि अख्खी काच मांडीवर येऊन बसली.

मामी परत आली. तिनं काच बघितली, मामांना बघितलं. वरची आपली सॅक काढली आणि पार पुढं, ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली.

कंडक्टर आला. "काका, हे काय?"

"सुटली."

"आपोआप?"

"जवळजवळ."

"खाली आडवी टाका आता."

"काच आडवी ठेवत नाहीत. पहिल्या खड्ड्यात दोन होतील."

"मग बसा बाळासारखी धरून," म्हणून त्यानं घंटी मारली.

मामा काच उभी धरून बसले. खिडकीच्या भोकातून वारा आत घुसला तो थेट मागच्या बाकापर्यंत. खारे शिंतोडे आले. मागचे एक आजोबा ओरडले, "माझी टोपी!"

"समुद्रात गेली," मामांनी सांगितलं. तेच सगळ्यात जवळ होते.

"अहो काचवाले," आजोबांच्या शेजारची बाई म्हणाली, "केलंत ना हे? मग डोकं घाला त्या भोकात. तेवढाच आम्हाला आडोसा."

मामांनी घातलं. समोर समुद्र होता, मध्ये काही नव्हतं. बराच मोठा होता.

"अगं, बघतोय मी!" त्यांनी पुढं हाक मारली. मामीनं मान वळवली नाही. बाकीच्या सगळ्या गाडीनं वळवली.

शेवटच्या थांब्यावर मामी उतरली आणि सरळ पुढच्या बसकडं चालू लागली. मामा एका खांद्याला सॅक, दोन्ही हातांत काच, असे उतरतात तोवर कंडक्टर आगारातून मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिकच्या हातात नवं रबर होतं. काळं, मऊ, बोटानं दाबलं की परत फुगणारं.

"तुम्ही काचवालेच ना? आमचा माणूस रजेवर आहे. पाच मिनिटांचं काम, बसवून टाका. नाहीतर ही गाडी उद्या उभी राहील."

मामांचे हात शिवशिवले. तिकडं पुढच्या बसचं इंजिन सुरू झालं. मामी चढली. खरंच मागं बघितलं नाही तिनं.

मामांनी काच भिंतीला टेकवली, जरा तिरकी. रबराकडं एकदा बघितलं. उभ्या आयुष्यात त्यांनी उघडी चौकट मागं टाकली नव्हती.

"अहो काका!" मेकॅनिक ओरडला, पण मामा पळत सुटले होते. पाठीवरची सॅक दर पावलाला डोक्यात मारत होती. चालत्या बसचा दांडा त्यांनी कसाबसा धरला.

मामी खिडकीशी होती. शेजारच्या जागेवर तिची सॅक. मामा धापा टाकत उभे राहिले.

"बसवलीत?"

"नाही."

"तशीच टाकून आलात?"

"भिंतीला टेकवून."

मामीनं आपली सॅक उचलली, त्यांना जागा करून दिली आणि ते टेकल्यावर ती सॅक त्यांच्या मांडीवर ठेवली.

"धरा ही," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी."