कारण न विचारणारे युनूसचाचा

अमडापूरजवळच्या आमच्या तेल कारखान्यात मी रुजू झाले, त्या दिवशी सोयाबीनच्या धुळीने भरलेल्या शेडमध्ये पहिल्यांदा भेटले ते शिफ्ट इन्चार्ज युनूसचाचा. दाब आणि तापमान मोजणारी उपकरणे सांभाळायला एक मुलगी आली आहे, याचे त्यांना नवल वाटले नाही. "जेवली का, बेटा?" एवढेच त्यांनी विचारले. चाचांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत.

त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराच्या गौरव समितीने या ग्रंथासाठी मला विषय सुचवला होता : 'एकही रजा न घेतलेले कर्मचारी'. तो मी नाकारला. चाचांना रजा घेता आली नाही, हा आमच्या कारखान्याचा दोष आहे. दोषावर शाल पांघरली म्हणून त्याचा गुण होत नाही.

मागे कारखान्याने 'घर आणि काम' नावाचे धोरण आणले. कार्यालयातल्यांना दोन शनिवार सुट्टी मिळाली, घरी अडचण असल्यास उशिरा येण्याची मुभा मिळाली. त्यांना कोणी काही विचारत नाही. यंत्रावरच्या माणसाने मात्र एका दिवसासाठी कारण सांगायचे आणि वर पुरावा आणायचा. मग माणसे खोटे बोलू लागली. न सांगता घरी बसू लागली. जे येत, ते दोन माणसांचे काम चिडून करत. व्यवस्थापकांनी बैठकीत याला 'कामगारांची वृत्ती' म्हटले. मला तेव्हा संताप आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. ती वृत्ती त्यांच्याच नियमाने घडवली होती.

चाचांनी आपल्या शिफ्टपुरते कारण विचारणे बंद केले. एकदा चहाच्या वेळी आमचा फिटर राजू त्यांच्याकडे आला.

"चाचा, उद्या सुट्टी पाह्यजे. मायी आजी वारली."

"तुयी आजी तं दिवाळीतच वारली होती न बे?"

"हे दुसरी, चाचा."

"तिले जित्ती राहू दे. कारन नको सांगू, बदली मानूस सांग."

सगळे हसले, राजूही. त्या शिफ्टमध्ये न सांगता घरी बसणे थांबले. ज्याला बदली मिळत नसे, त्याच्या जागी चाचा स्वतः उभे राहत. त्यांच्या रजा अशा गेल्या.

मलाही एकदा एक दिवस हवा होता. "जाय बेटा, मी पाह्यतो," ते म्हणाले. परत आल्यावरही त्यांनी काही विचारले नाही. ते कारण मी इथेही लिहिणार नाही.

परवा चाचांनी पहिल्यांदाच स्वतःसाठी एक दिवस मागितला. नेमका सत्काराचा. तारीख ठरवताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

"अहो चाचा, सत्कार तुमचाच आहे! रजा कशाला?" व्यवस्थापक म्हणाले.

"त्या दिवशी मले घरी राहाचं हाये, साहेब."

"पण कारण काय?"

मी तिथेच उभी होते. "त्यांची शिफ्ट मी सांभाळते," मी म्हटले. हे लिहीपर्यंत त्यांना उत्तर मिळालेले नाही.

चाचांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातले थोडे त्यांच्या घरच्यांच्याही वाट्याला येवो. सत्काराच्या दिवशी हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा मी चाचांच्या जागी शेडमध्ये असेन. व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी दिसली, तर कृपया कोणीही कारण विचारू नये.