चार वाजताचा नळ

रत्नप्रभाबाईंना विनयाची नक्कल फार छान जमायची. यजमान दिनकरराव बँकेतून येऊन चहाला बसले की बाई मान एका बाजूला टाकून सुरू व्हायच्या, "काकू, आया अन् पोरी सोबतच बसवू ना. पोरगी शिकून राहिली अन् आई नुसती पाहून राहिली, बरं नाही दिसत बाप्पा."

पहिल्या दिवशी दिनकरराव हसले. आठव्या दिवशी म्हणाले, "हुबेहूब. रोज ऐकायला जातेस वाटतं?"

"मी कशाला जाऊ? इकडंपर्यंत येतोय आवाज."

घर आणि विनयाचा वर्ग यांच्यामध्ये दोन गल्ल्या आणि एक पिठाची गिरणी होती.

हिंदी मुलखातल्या झोटवाड्यात, मंदिरामागच्या खोलीत रत्नप्रभाबाई दोन वर्षं बायकांना लिहा-वाचायला शिकवत होत्या. खोली पुजाऱ्यांची, सतरंज्या महाराष्ट्र मंडळाच्या, जुनी पुस्तकं सरकारी शाळेतल्या मास्तरांची आणि घसा साताऱ्याच्या या बाईंचा. बायका अकरा. त्यांतली यमुना म्हणजे बाईंचा हुकमाचा एक्का. शिवून आलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापून पोट भरणारी ही बाई वर्षभरात घडाघडा वाचू लागली होती. मंडळाच्या हळदीकुंकवाला बाईंनी तिला नेलं आणि हातात वाण द्यायच्या आधी सगळ्यांसमोर रेशनकार्ड वाचायला लावलं. यमुनाने घुंगट सावरत वाचलं. टाळ्या बाईंनी घेतल्या.

मग २००६च्या मार्चमध्ये विमा कंपनीतल्या कौशिकची नागपूरहून बदली झाली आणि त्याच्याबरोबर त्याची बायको विनया आली. तिशीची, हसरी, आणि चाळिशीच्या प्रत्येक बाईला बिनदिक्कत काकू म्हणणारी. मास्तरांनी तिला शाळेचा व्हरांडा दिला. आया-मुलींचा वर्ग काढायचा ठरला.

"काकू, चार वाजता ठेवू का? पोरींची शाळाही सुटून जाते."

या बायका राहायच्या त्या गल्लीत नळाला पाणी यायचं चारला, तेही पाऊण तास. विनयाच्या फ्लॅटवर टाकी होती, तिला कुठून कळणार? बाईंचा स्वतःचा वर्ग मात्र दोन वर्षं तीनला भरून पावणेचारला सुटत होता, तो त्याचपायी.

"ठेव की. छान वेळ आहे," बाई म्हणाल्या. पाण्याचं तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, ठेवलं.

पहिल्या दिवशी व्हरांड्यात तीन मुली आणि आई एकही नाही. बाई घरात कोथिंबीर असूनही कोथिंबीर आणायला तिकडून गेल्या. "अगंबाई, कोणीच नाही?" दुसऱ्या दिवशीही कोथिंबीर आणली. दिनकररावांनी लागोपाठ दोन दिवस वड्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी विनयाने मुलींना विचारलं, आया कुठे आहेत? आणि फळा उचलून थेट नळावर गेली. तिथे चाळीस निळ्या बादल्या, सगळ्या एकसारख्या, आणि कुठली कुणाची यावरून रोजची भांडणं. तिने कोपऱ्यावरच्या पंख्यांच्या कारखान्यातून लाल रंगाचा डबा मागून आणला. मुली आयांचा हात धरून बादल्यांवर नावं लिहून घेऊ लागल्या. आठवड्यात भांडणं थांबली आणि कधी पाटी न धरलेल्या म्हाताऱ्याही बादली पुढे करू लागल्या.

बाईंच्या वर्गात अकराच्या सात झाल्या. सोमवारी सहा. त्या दिवशी यमुना नव्हती.

चारला बाई नळावर गेल्या, बिनकोथिंबिरीच्या. यमुना आपल्या सासूचा हात धरून बादलीवर अक्षर काढून घेत होती. विनया बाजूला बसून नुसती पाहत होती.

यमुनाने मान वर केली. "दीदी, चार बजे पानी आता है, आपने इनको बताया नहीं था?"

तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्यामुळे खोटं बोलायला जागाच उरली नाही.

"माहीत होतं मला," बाई विनयाकडे न बघता म्हणाल्या. "सांगितलं नाही."

"ठाऊक आहे काकू. पोरींनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं, तुमचा वर्ग पावणेचारला कशापायी सुटते ते."

म्हणजे हिला कळलं होतं आणि ही गप्प बसली होती. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आता मोठेपणाही हिनेच घ्यायचा?

"यमुना, कल तीन बजे?" त्यांनी विचारलं. आवाज हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"नहीं दीदी. अब पढ़ना आ गया ना. यहाँ दस औरतें मेरे पास सीखती हैं." सासूच्या हातातला ब्रश वाकडा गेला, तशी यमुना तिकडे वळली.

विनया सरकून बसली. "बसा ना काकू."

"नको. वर्गाची तयारी आहे."

तयारी कसली, सहा जणी तर होत्या. त्यांत एक सुलोचना. वर्ष झालं तरी दुसरं पान उलटेना. पाहुणे यायचे असले की बाई तिला न चुकता मागच्या सतरंजीवर भिंतीकडे बसवायच्या.

दुसऱ्या दिवशी तीनला त्यांनी सुलोचनाला पुढे बोलावलं. ती घाबरली; जागा बदलायला सांगितली म्हणजे पाहुणे, एवढंच तिला ठाऊक होतं. "कोई आनेवाला है, दीदी?"

"कोई नहीं," बाई म्हणाल्या आणि पुस्तक उघडून तिच्या शेजारी बसल्या.